आडवाटेचे शिन्शू

१८२८ साली जपानच्या मध्यभागातल्या डोंगरांत दोन माणसे दोन निरनिराळ्या हेतूंनी शिरली. एक होता बान्र्यू नावाचा बौद्ध भिक्षू. यारिगाताके या ३,१८० मीटर उंचीच्या सुळक्यावर तो चढला आणि माथ्यावर त्याने मूर्ती बसवल्या. दुसरा सुझुकी बोकुशी, एचिगो प्रांतातल्या शिओझावा गावचा कापडाचा व्यापारी, साठीला टेकलेला. शरद ऋतूत तो आकियामागो नावाच्या खोल घळीत उतरला. कुठले शिखर सर करावे असे त्याच्या मनातही नव्हते. घळीतल्या वाड्यांमधली माणसे खातात काय, निजतात कशावर, डोंगर जाळून शेती कशी करतात, दूरच्या आकिताहून आलेले शिकारी इथे काय शोधतात, हे तो विचारत गेला आणि टिपत गेला. त्यातून ‘आकियामा किको’ हे प्रवासवर्णन तयार झाले. ते त्याच्या हयातीत छापून आले नाही.

बान्र्यूच्या वाटेवर पुढे रीघ लागली. बोकुशीच्या वाटेने गेलेले मोजकेच. प्रस्तुत पुस्तक त्या मोजक्यांच्या पंगतीला बसते.

शिन्शू म्हणजे आजचा नागानो प्रांत. क्षेत्रफळ साधारण १३,५६० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साडेतीनपटीहून थोडे अधिक. समुद्र कुठेच नाही; सीमेला आठ प्रांत लागतात आणि जमिनीचा जवळपास चार पंचमांश भाग जंगलाखाली आहे. १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे नागानो हे नाव जगाच्या कानावर गेले. पण महाराष्ट्रातून जपानला जाणारा प्रवासी अजूनही तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका याच रेषेवर फिरतो. फार तर एप्रिलात शेजारच्या तातेयामाला बर्फाच्या उंच भिंती पाहून येतो. अनेक मराठी वाचकांना जपान पहिल्यांदा भेटला तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधून. त्यांचेच नाव असलेले पुण्यातले उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवले आहे. तो जपान आखीवरेखीव, कातरलेला, दगड न दगड जागच्या जागी ठेवलेला. या पुस्तकातला जपान तसा नाही. इथे दरडी कोसळतात, रस्ते मध्येच संपतात आणि झाडे उभ्या उभ्या मरतात.

या जागा दुर्गम आहेत म्हणून अपरिचित राहिल्या, असे कुणी म्हटले तर ते खरे मानू नये. यातल्या कित्येक ठिकाणी मोटार जाते. एका तळ्याला तर वाहनतळापासून पंधरा मिनिटांची सपाट चाल पुरते. डोंगर म्हणजे माथा, हे समीकरण एकदा पक्के झाल्यावर मधल्या सगळ्यावरून नजर घसरत गेली, इतकेच. ते समीकरण कसे पक्के झाले हे समजले, की पुस्तकाचा रोख ध्यानात येतो.

मुळात जपानी माणसासाठी उंच डोंगर ही देवाची जागा होती. ओन्ताके या ३,०६७ मीटर उंचीच्या ज्वालामुखीवर जायचे तर आधी कित्येक दिवसांचे कडक व्रत करावे लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काकुमेई आणि फुकान या दोन साधकांनी ती वाट सामान्य भाविकांना खुली केली. मग पांढऱ्या वस्त्रांतल्या यात्रेकरूंची मंडळे गावोगाव उभी राहिली. ती परंपरा आजही टिकून आहे. तोगाकुशीच्या कड्यांत शुगेन्दो पंथाचे तपस्वी राहत. या दृष्टीत माथ्याला मान होता, पण माथा ‘जिंकण्याची’ भाषा नव्हती.

ती भाषा बाहेरून आली. ओसाकाच्या टाकसाळीत काम करणारा इंग्रज धातुतज्ज्ञ विल्यम गोलंड याने या डोंगरांना ‘जपानी आल्प्स’ म्हटले आणि १८८१ च्या एका इंग्रजी प्रवासमार्गदर्शिकेतून ते नाव पसरले. वॉल्टर वेस्टन या मिशनऱ्याचे या डोंगरांतल्या गिर्यारोहणावरचे पुस्तक १८९६ साली लंडनमध्ये निघाले. योकोहामाच्या बँकेत नोकरी करणारा कोजिमा उसुई ते वाचून भारावला, वेस्टनला भेटला आणि १९०५ मध्ये जपानी आल्पाइन क्लबची स्थापना झाली. हिदा, किसो आणि आकाइशी या तीन रांगा तेव्हापासून उत्तर, मध्य आणि दक्षिण आल्प्स म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. जुनी नावे नकाशात उरली, बोलण्यातून गेली.

यावर शिक्कामोर्तब केले फुकादा क्यूया यांनी. १९६४ साली त्यांनी जपानमधल्या शंभर डोंगरांवरचे ‘निहोन हयाकुमेइझान’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. निवड त्यांची स्वतःची, निकष तीन: डोंगराचा रुबाब, त्याचा इतिहास आणि त्याचे स्वतःचे असे व्यक्तिमत्त्व. पुस्तक सुंदर आहे, यात वाद नाही. पण वाचकांनी त्याची यादी केली. पुढे दूरचित्रवाणीने ती घरोघर नेली आणि निवृत्त माणसे एकेक डोंगर गाठून त्यावर खूण करू लागली. यादीतल्या डोंगरावर झुंबड आणि शेजारच्या तितक्याच देखण्या डोंगरावर शुकशुकाट, हे चित्र आजही दिसते. फुकादांचा मृत्यू १९७१ मध्ये यामानाशीतल्या कायागाताके या डोंगरावर झाला. तो डोंगर त्यांच्या शंभरांत नव्हता.

याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता, जरा दबक्या आवाजात. तानाबे जूजी हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक आणि त्यांचे मित्र कोगुरे रितारो यांना शिखरांपेक्षा चिचिबूची राने, खिंडी आणि ओढे जवळचे वाटत. तानाबे यांच्या ‘यामा तो केइकोकु’ या १९२९ च्या पुस्तकाचेच नाव पुढल्या वर्षी निघालेल्या एका गिर्यारोहण मासिकाने घेतले, आणि ते मासिक आजही निघते. यामागुची आकिहिसा यांनी १९६० साली ‘किता-यात्सु होको’ लिहून उत्तर यात्सुगाताकेतल्या दाट, शेवाळी, काहीशा उदास रानांना वाचक मिळवून दिले. ही मंडळी चढण्यापेक्षा भटकण्यावर जीव टाकणारी. या पुस्तकाचे पूर्वज शोधायचे तर ते इथे सापडतील.

आता प्रत्यक्ष जमिनीकडे. १८८० च्या दशकात एडमंड नाउमान या जर्मन भूवैज्ञानिकाला ध्यानात आले की होन्शू बेटाच्या कमरेत उत्तर-दक्षिण असा एक प्रचंड खळगा आहे, नव्या गाळाने आणि ज्वालामुखींच्या राखेने भरलेला. त्याने त्याला फोसा माग्ना म्हटले. खळग्याची पश्चिम कड इतोइगावा ते शिझुओका अशी जाते आणि तिच्या पश्चिमेला उत्तर आल्प्स एकदम भिंतीसारखे उठतात. शिन्शूत येणारी जवळपास प्रत्येक नवलाई, मग ती गरम पाण्याची असो की काळ्या काचेची, या ना त्या प्रकारे या तुटलेल्या जमिनीशी जोडलेली आहे.

ते सर्वांत जवळून पाहायचे तर दक्षिण आल्प्सच्या पायथ्याच्या ओशिका गावी जावे. लोकवस्ती हजाराच्या आत. कान्तोपासून क्यूशूपर्यंत हजार किलोमीटरहून लांब गेलेली ‘मध्य भ्रंशरेषा’ या गावातून जाते. कितागावा इथे ती उघडी पडलेली दिसते, पण तिथे कोणताही देखावा नसतो. ओढ्याकाठची एक सोललेली दरड असते. पण जरा जवळ जाऊन पाहिले की दरडीचे दोन रंग दिसतात. एका बाजूचा खडक तपकिरी: मूळचा ग्रॅनाइटच्या जातीचा, जमिनीच्या पोटात तापून आणि ताणून पिळवटलेला. दुसऱ्या बाजूचा हिरवट-काळा: एकेकाळच्या समुद्रतळाचा, खोलवर दबून पापुद्रे सुटलेला. दोघांमधली हद्द बोटाने दाखवता येते. याच गावात आन्को नावाच्या ठिकाणीही ती उघडी पडली आहे. या दोन्ही दरडींना २०१३ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. गावात या रेषेला वाहिलेले एक छोटे संग्रहालय आहे. आधी तिथे तासभर घालवून मग दरडीकडे गेले तर खडक बोलू लागतो.

त्याच गावातल्या काशिओ वस्तीत, समुद्रसपाटीपासून ७५० मीटर उंचीवर, जमिनीतून खारे पाणी येते. क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याइतके. सगळ्या शिन्शूला मीठ बाहेरून आणावे लागे. इतोइगावाच्या किनाऱ्यावरून मात्सुमोतोपर्यंत बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून ते येई. आणि इथे डोंगरात ते आपसूक झिरपते. मेइजी काळात एका माजी सामुराईने मिठाचा खडक सापडेल या आशेने डोंगर पोखरला. खडक काही सापडला नाही, कारण तो नाहीच. खोलवर खाली सरकणाऱ्या महासागरी भूपट्टातून पिळून निघालेले पाणी भेगांमधून वर येत असावे, याकडे अलीकडचे संशोधन बोट दाखवते. पाणी कढईत आटवून केलेले पांढरेशुभ्र मीठ अजूनही गावात मिळते, चवीला सौम्य. थोडे महाग आहे, पण लाकूड किती जळते ते पाहिले की घासाघीस करावीशी वाटत नाही.

या भ्रंशरेषेच्या दरीतूनच १५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. महामार्ग म्हणायचा तो कागदावर. जिझो आणि आओकुझुरे या दोन खिंडींशी तो चक्क तुटतो, कारण तिथला खडक इतका भुसभुशीत की रस्ता ठरत नाही. आओकुझुरेच्या खालून नव्या द्रुतगती मार्गाचा सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा २०२३ मध्ये आरपार झाला; त्याला किती वर्षे लागली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या मार्गालगतच्या तोयामा खोऱ्यात शिमोगुरी ही वाडी आहे. ८०० ते १,००० मीटर उंचीवर, काही ठिकाणी ३८ अंशांच्या उतारावर, घरे आणि शेते नुसती चिकटलेली. इथला लिंबाएवढा बटाटा गोड मिसो लावून निखाऱ्यावर भाजतात. वाडीच्या वर ओइकेयामाच्या कड्यावर एका अर्ध्या उरलेल्या खोलगट वाटीची कड दिसते. ती उल्कापाताने झाल्याचे पुरावे खडकातल्या स्फटिकांत मिळाले आहेत.

किसो खोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे निसर्ग वाचला तो माणसाच्या धाकाने. सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ले आणि नगरे बांधण्याच्या धडाक्यात इथले हिनोकी वृक्ष इतके तुटले की ओवारीच्या सरंजामदारांना जंगलच संपण्याची भीती वाटू लागली. १६६५ पासून मोठमोठे डोंगर बंद केले गेले. पुढे हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडण्यास मनाई झाली. एका झाडाला एक मुंडके, असा त्या काळचा हिशेब लोकांच्या तोंडी राहिला आहे. आज आगेमात्सुजवळच्या आकासावा रानात तीनशे वर्षांवरचे हिनोकी सरळसोट उभे दिसतात, ते त्या बंदीनंतर उगवलेले. त्यांच्या सावलीत चालताना गावकऱ्यांनी काय सोसले हेही आठवावे. मेइजी सरकारने रान राजघराण्याच्या मालकीचे केले आणि सरपणासाठी रानावर जगणाऱ्यांची कोंडी आणखी वाढली. शिमाझाकी तोसोन यांच्या ‘योआके माए’ या कादंबरीचा नायक याच प्रश्नावर झगडतो.

इसेच्या महामंदिराची दर वीस वर्षांनी नव्याने उभारणी होते आणि तिचे लाकूड किसोतून जाते. २०३३ च्या उभारणीसाठी पहिली झाडे जून २०२५ मध्ये आगेमात्सुच्या रानात समारंभपूर्वक पाडली गेली. पाडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. करवत नाही, फक्त कुऱ्हाडी. तीन बाजूंनी बुंधा आत आत पोखरत नेतात, इतका की आरपार दिसावे आणि झाड लाकडाच्या तीन पायांवर उभे राहावे. गाभा कुजका असेल तर तिथेच कळते. मग एक पाय तोडला की झाड ठरल्या दिशेला कोसळते. त्यानंतर त्याच झाडाची शेंड्याची फांदी खोडक्यात खोचून वंदन करतात.

याच आकासावात १९८२ साली ‘शिन्रिन-योकु’, म्हणजे वनस्नान, या नावाने पहिला कार्यक्रम झाला. शब्द वनखात्याच्या प्रमुखांनी काढला होता. आज तो जगभरच्या आरोग्यकेंद्रांच्या पत्रकांवर झळकतो. लाकूड वाहण्यासाठी १९१६ मध्ये सुरू झालेली आणि १९७५ मध्ये थांबलेली वनरेल्वे १९८७ पासून जेमतेम एक किलोमीटर पुन्हा धावते. पर्यटक तिच्यात बसतात, फोटो काढतात आणि बरेचसे परत फिरतात. रान सुरू होते ते त्याच्या पुढे.

उत्तर यात्सुगाताके हे शेवाळाचे राज्य. मुगिकुसा खिंडीजवळ २,११५ मीटर उंचीवर शिराकोमा तळे आहे. भोवतीच्या रानात शेवाळाच्या चारशेऐंशीहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. खडक, पडलेली खोडे, मुळे, सगळ्यावर हिरवी गादी. तिथून काही तासांच्या चालीवर शिमागारे डोंगर. दुरून पाहिले तर हिरव्या उतारावर पांढरे आडवे पट्टे ओढलेले दिसतात. रोग नाही, वणवा नाही. शिराबिसो जातीची फर झाडे एका ओळीने उभ्या उभ्या वाळतात. त्यांच्या आडोशाला असलेली पुढची ओळ वाऱ्याला उघडी पडते आणि मग ती वाळू लागते. वाळलेल्या ओळीच्या पायाशी तोवर वीतभर रोपांची दाटी झालेली असते. असा पट्टा वर्षाला एक-दोन मीटर चढण चढत जातो. म्हणजे रान मरते आहे आणि तरणेही होते आहे, एकाच उतारावर. पुस्तकातला यावरचा लेख या संग्रहातला सर्वोत्तम आहे, असे प्रस्तावनाकाराचे मत.

किरिगामिने पठारावरच्या याशिमागाहारा पाणथळीत जवळपास आठ मीटर जाडीचा पीटचा थर आहे, बारा हजार वर्षांत साचलेला. वर्षाला मिलिमीटरभरही नाही. एका चुकीच्या पावलाने किती शतके दबतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. फळ्यांच्या वाटेवरून उतरू नये हे त्यासाठीच. शेजारच्या होशिकुसो खिंडीत प्रागैतिहासिक जोमोन काळातली माणसे ज्वालामुखीची काळी काच, ऑब्सिडियन, खणून काढत. त्यांच्या खड्ड्यांचे खळगे रानात अजून दिसतात. शिन्शूतली ही काच थेट उत्तरेला आओमोरीपर्यंत पोचली होती.

पाण्याच्या जागा शिन्शूत पैशाला पासरी. हाकुबात हिमेकावा नदी जमिनीतून सरळ झऱ्याच्या रूपाने उगवते आणि साठ किलोमीटरांत जपानच्या समुद्राला मिळते. कावाकामी गावातून चिकुमा नदीच्या उगमापर्यंत दिवसभराची सुरेख पायवाट आहे; ३६७ किलोमीटरची, देशातली सर्वांत लांब शिनानो नदी ती हीच. आतेरा घळीतले हिरवे-निळे पाणी इतके प्रसिद्धीस आले, की आता उन्हाळ्यात तिथे खासगी गाड्यांवर निर्बंध आहेत. अपरिचित जागेची मुदत किती असते, याचे हे उदाहरण.

आणि बर्फ. प्रांताच्या उत्तर टोकाला साकाए गावच्या मोरि-मियानोहारा स्थानकात १२ फेब्रुवारी १९४५ रोजी ७.८५ मीटर बर्फ मोजला गेला. स्थानकाबाहेर तेवढ्या उंचीचा खांब उभा आहे. बोकुशीच्या आकियामागो घळीचा आतला भाग याच गावात मोडतो. घळीच्या अगदी आत किरिआके इथे नदीच्या पात्रातच गरम पाणी उमलते: फावडे घ्यावे, दगडगोटे बाजूला सारून खड्डा करावा, थंड पाणी हवे तेवढे वळवावे आणि बसावे. अलीकडच्या सेकिदा रांगेवरून शिन्एत्सु ट्रेल जाते. अमेरिकेतल्या अॅपलेशियन ट्रेलवर चाललेले लेखक काटो नोरियोशी यांच्या प्रेरणेने २००८ मध्ये ८० किलोमीटरची ही वाट पूर्ण झाली, २०२१ मध्ये ती ११० किलोमीटर झाली. ती बीच वृक्षांच्या रानातून जाते. सेकिदा रांग जेमतेम हजार मीटरची, तिच्यात फुकादांच्या यादीतला एकही डोंगर नाही. जपानमध्ये हिमनद्या नाहीत असे पाठ्यपुस्तके सांगत असत. २०१२ मध्ये शेजारच्या तोयामात पहिल्या हिमनद्यांवर शिक्कामोर्तब झाले आणि २०१८ मध्ये काशिमायारीच्या कुशीतल्या काकुनेझातोची पाळी आली. इतकी वर्षे लोक त्या डोंगराच्या माथ्यावर जात होते. खालचे बर्फ सरकते आहे का, हे मोजायला फार उशिरा कुणी गेले.

हे पुस्तक आत्ताच का? एक कारण गर्दी. येन स्वस्त झाल्यापासून परदेशी पाहुण्यांचा ओघ वाढला आहे आणि तो ठरलेल्याच ठिकाणी साचतो. कामिकोचीत १९७५ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे, म्हणून ती दरी निभावते. जिगोकुदानीच्या माकडांभोवती हिवाळ्यात माकडांपेक्षा कॅमेरे जास्त. उलट ओशिका किंवा साकाए इथे शाळेत मुले मोजकीच आणि बस चालवायला चालक मिळणे कठीण. ओशिकाच्या पोटातून २०१६ पासून चुओ शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेचा सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा खोदला जातो आहे. गाडी गावात थांबणार नाही, गावाच्या वाट्याला मातीचे ट्रक तेवढे आले.

दुसरे कारण हवा. सुवा तळे गोठून बर्फाला तडा जातो आणि कडा उभ्या राहतात, त्या रांगेला देवाची वाट म्हणतात. तिची नोंद १४४३ पासून ठेवली जाते आहे. २०१८ नंतर हिवाळ्यामागून हिवाळे गेले आणि पुजाऱ्यांना ‘तळे उघडे’ एवढेच लिहावे लागले. हरणांचे कळप पूर्वी कधी नव्हते तेवढ्या उंचीवर चरू लागले आहेत. किरिगामिनेच्या पिवळ्या लिलींना विजेच्या कुंपणात ठेवावे लागते. राइचो हा बर्फाळ माथ्यांवरचा पक्षी हजार-दोन हजारांच्या घरात उरला आहे. मध्य आल्प्समधून तो नाहीसा होऊन अर्धशतक झाले होते. २०१८ मध्ये तिथे एक एकटी मादी दिसली आणि २०२० मध्ये नोरिकुराहून तीन कुटुंबांतले १९ पक्षी हेलिकॉप्टरने तिथे नेण्यात आले.

आता पुस्तकाविषयी. हे मार्गदर्शक नव्हे. वेळापत्रके आणि हॉटेलांची यादी इथे मिळणार नाही. लेखांची मांडणी डोंगररांगांनुसार न करता खडक, पाणी, रान आणि बर्फ यांच्या मागोमाग केली आहे, आणि ती निवड योग्य वाटते. त्यामुळे एकच गाव दोनदा तीनदा भेटते, दरवेळी वेगळ्या बाजूने. भूविज्ञान सांगताना लेखक अडखळत नाहीत. वस्त्यांमधल्या माणसांना ‘साधीभोळी’ ठरवण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. उणिवा आहेत. पूर्वेकडच्या असामा ज्वालामुखीच्या परिसराला फारच थोडी जागा मिळाली, आणि २०१४ साली ओन्ताकेच्या उद्रेकात ५८ माणसे दगावली, पाच सापडलीच नाहीत, त्या घटनेवर स्वतंत्र लेख हवा होता. ज्वालामुखींच्या प्रदेशावरच्या पुस्तकात ती बाजू अशी ओझरती राहू नये.

एक आक्षेप येईल: अपरिचित जागांवर पुस्तक लिहिणे म्हणजे त्यांचा अपरिचितपणा संपवणे. आक्षेप खरा आहे. लेखकांनी त्यावर काढलेला तोडगा असा, की जिथे गावाने गाड्या, वाटा, शौचालये यांची सोय केली आहे तिथल्याच जागा नावानिशी दिल्या. जिथे सोय नाही तिथले वर्णन आहे, पत्ता नाही. हे पुरेसे आहे का, याविषयी दुमत होऊ शकते. पण प्रश्न टाळलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शिराकोमाकडचा खिंडीतला रस्ता नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बंद असतो. नागानो प्रांतात २०१६ च्या जुलैपासून ठरावीक डोंगरवाटांवर जाण्याआधी चढाईची योजना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ती ऑनलाइनही भरता येते. वाटांच्या अवघडपणाची श्रेणी प्रांतानेच प्रसिद्ध केली आहे, ती पाहून वाट निवडावी. अस्वलांचा वावर आहे, तेव्हा पिशवीला घंटा बांधावी. लहान गावांत रोख येन जवळ ठेवावेत, डोंगरातल्या शौचालयाच्या पेटीत शंभर-दोनशे येन टाकायला विसरू नये. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेल्यांना ओल्या खडकाची सवय असते, पण हजार मीटरच्या रांगेवर मे महिन्यातही घोटाभर बर्फ असू शकते याची नसते. आणि शक्य असेल तर ज्या गावाची दरड, रान किंवा झरा पाहायला जाल, त्याच गावात एक रात्र मुक्काम करा. दिवसभराची चक्कर मारून मात्सुमोतोला परतलात तर गावाला तुमच्याकडून काहीच मिळत नाही.